जीवशास्त्रज्ञाचं फील्डवरचं आयुष्य कसं असतं? आणि 'विज्ञानात सगळ्या थरांतली माणसं हवीत' हा आग्रह कशासाठी?

तुमची भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला रानावनात फिरून संशोधन करायचंय, आणि घरचे दोनच गोष्टी विचारतायत: त्यात पोट भरतं का, आणि मुलीला ते झेपतं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. झेपतं. पहिल्याचं उत्तर जरा लांबलचक आहे.

मी कोकणातल्या सड्यांवर काम करते, रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. मे महिन्यात पाय टेकवत नाही इतकं तापतं, आणि जुलैत त्याच कातळावर घोटाभर पाणी, गेंदाची पांढरी फुलं, सीतेची आसवं आणि बेडकांचा कल्लोळ. सातबाऱ्यावर मात्र या जमिनीपुढे बरेचदा 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निकामी, असं लिहिलेलं असतं. याच पोटखराब्यात पांढऱ्या पट्ट्यांची एक बोटभर पाल राहते, हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसियाटस. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून झालं. ती दिवसा सुट्या दगडांखाली दडते. चिरेखाण निघाली किंवा कलमांसाठी सडा साफ केला, की आधी जातात ते हे दगड.

त्यामुळे आमचं काम म्हणजे दगड उचलायचे. खाली कोण आहे ते पाहायचं, मोजायचं, तापमान घ्यायचं, आणि दगड होता तसाच, त्याच बाजूनं, परत ठेवायचा. उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायची. खाली फुरसं निघालं तर त्याच्या आणि आपल्या मध्ये दगड राहतो. नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो, बाकी सगळं नंतर.

रोमांचक भाग एवढाच, आणि तोही रोज नसतो. उरलेला वेळ वनखात्याच्या परवानगीचे अर्ज, गाडीवाल्याशी हुज्जत, भिजलेल्या वह्या वाळवणं आणि रात्री रेंज शोधत आकडे भरणं यात जातो. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गेलात तर माकडतापामुळे गोचिडांची धास्ती वेगळीच.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते: सड्यावर आडोसा नसतो. नजर जाईल तिथवर सपाट, ना झाड ना झुडूप. सकाळी सहाला निघून दुपारी परतायचं, असं वेळापत्रक पुरुषांनी आखलं की बायका पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, लघवीचं इन्फेक्शन होतं, आणि मागाहून 'मुलींना फील्ड झेपत नाही' हे वाक्य तयारच असतं. आम्ही आता मार्ग ठरवतानाच वाटेतल्या वाडीतलं एक घर ठरवून ठेवतो आणि त्या घराला पैसे देतो. प्रकल्पाच्या खर्चात तशी ओळ टाकली तेव्हा वर बसलेल्या एका गृहस्थांनी 'हे कशाला?' असं लिहून फाइल परत पाठवली होती. दुसऱ्यांदा पाठवली, तेव्हा मंजूर झाली.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. 'सगळ्या थरांतली माणसं' हा मुद्दा लोकांना दयेचा वाटतो. मला तो कामाच्या दर्जाचा वाटतो. पक्ष्यांचं गाणं घ्या. गातो तो नर, असं वर्षानुवर्षं धरून चाललं होतं. 2014 मध्ये जगभरच्या गाणाऱ्या पक्ष्यांचा आढावा घेतला, तर पाहिलेल्या जातींपैकी 71 टक्क्यांत माद्याही गातात असं निघालं. पुढे 2020 मध्ये काहींनी हा शोध कुणी लावला ते मोजलं. मादीच्या गाण्यावरच्या शोधनिबंधांपैकी 68 टक्क्यांत लेखकांमधलं पहिलं नाव स्त्रीचं होतं. एकूण पक्षिगीतांवरच्या निबंधांत हेच प्रमाण 44 टक्के. पक्षी तेच, रानं तीच. कान देणारी माणसं बदलली.

पण बाईमाणूस आलं म्हणजे झालं, असंही नाही. जे. विजया हे नाव भाचीला जरूर सांगा. भारतातल्या पहिल्या महिला सरीसृपतज्ज्ञ. 1982 मध्ये केरळच्या जंगलात त्यांनी केन टर्टल हे कासव पुन्हा शोधून काढलं; त्याआधी सुमारे सत्तर वर्षं ते कुणा शास्त्रज्ञाला दिसलेलं नव्हतं. विजया 1987 मध्ये, तिशीही गाठायच्या आत गेल्या. 2006 मध्ये त्या कासवाच्या प्रजातीगटाला विजयाकेलिस असं नाव दिलं गेलं, ते योग्यच झालं. पण हे कासव शोधायला मदत केली ती काडर आदिवासींनी. त्यांना ते आधीपासून माहीत होतं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आज आपल्या तोंडी नाही. आमच्याकडेही गुराखी वाट दाखवतो, बेडूक कुठल्या डबक्यात येतो ते सांगतो, आणि निबंधाच्या शेवटी आभारात 'स्थानिक सहकारी' एवढाच उरतो. मी यावरून भांडते. नावानिशी आभार तर हवेतच, आणि ज्यानं नमुना ओळखून दाखवला तो सहलेखक का नाही, हे विचारते. काही सहकाऱ्यांना ते जड जातं.

खरी चाळणी मात्र कॉलेज आणि पीएच.डी.च्या मधल्या वर्षांत लागते. जाहिराती येतात: सहा महिने इंटर्नशिप, मानधन नाही, स्वतःचा लॅपटॉप आणि दुचाकी हवी. यात कोण बसतं? ज्याच्या घरून पैसे येतात तो. शिवाय मुलाखत इंग्रजीत. शिवाय गावात खोली घेताना आडनाव विचारतात. माझ्या एका सहकाऱ्याची ठरलेली खोली आडनाव सांगितल्यावर अचानक 'भरली'. गाळणी इतकी बारीक, आणि मग आपण म्हणतो, गावाकडची मुलं या क्षेत्रात येतच नाहीत.

पोटापाण्याचं: नेट ही परीक्षा होऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, वर घरभाडं. रक्कम वाईट नाही, पण दर महिन्याला येईलच असं नाही. तीन-चार महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवूनच सुरुवात करावी. पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एम.एस्सी. आहे, बंगळुरूला एनसीबीएस या संशोधन संस्थेत वन्यजीवशास्त्राची आहे. ती दर वर्षी निघत नाही, तारखा बघून ठेवा. तोवर तिला गावातच काम मिळेल. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही असते, गावातल्या झाडाझुडपांची आणि प्राण्यापक्ष्यांची नोंद ठेवणारी. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात पडून असते. ती मागून घ्यावी आणि त्यातलं काय आज गावात दिसतं ते वर्षभर नोंदवावं. मराठीत नोंदवलं तरी चालतं. फुकट इंटर्नशिपचा कागद हातात आला तर सही करण्याआधी राहण्या-जेवणाचा खर्च कोण देणार, विमा आहे का आणि निबंधात नाव येणार का, हे लेखी विचारायला सांगा.