खोलीत मावणाऱ्या एक्स-रे मायक्रोस्कोपनं जिवंत पेशी आतून बघता येते का?

तुमचा प्रश्न असा: इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनसाठी (इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर एक्स-रे देणारं अवाढव्य यंत्र) नंबर लावत न बसता, पुण्यातच लॅबमधल्या यंत्रावर पेशी न कापता, जिवंतपणी आतून बघता येईल का? न कापता, हो. जिवंतपणी विसरा.

मी पाषाण भागातल्या एका लॅबमध्ये नमुने तयार करून देतो. इथे येणारे निम्मे लोक दोन वेगळ्या यंत्रांना एकच समजतात.

एक म्हणजे मायक्रो-सीटी, दवाखान्यातल्या सीटी स्कॅनचा छोट्या नमुन्यांसाठीचा भाऊ. अख्खा किडा, कांद्याचं मूळ, उंदराचं हाड यात ठेवता येतं, बारकावा साधारण १ मायक्रोमीटरपर्यंत. पण मऊ ऊती जवळजवळ दिसतच नाहीत, म्हणून त्या आयोडीनमध्ये भिजवाव्या लागतात. माझं पहिलं स्कॅन मधमाशीच्या डोक्याचं होतं. पिपेटच्या टिपमध्ये अल्कोहोलसकट बसवलं आणि तोंड बंद करायला विसरलो. तीन तासांत अल्कोहोल उडालं, डोकं केसभर सरकलं आणि चित्रात प्रत्येक स्पर्शिकेच्या दोन-दोन कडा! तेव्हापासून पॅराफिल्म (तोंड बंद करायची ताणणारी मेणचट पट्टी) खिशात असते म्हणा ना.

तुम्हाला हवंय ते दुसरं, सॉफ्ट म्हणजे कमी ऊर्जेच्या एक्स-रेचं. २.३ ते ४.४ नॅनोमीटर या तरंगलांबीच्या पट्ट्याला ‘वॉटर विंडो’ म्हणतात. इथे पाण्यातला ऑक्सिजन किरणांना फारसा अडवत नाही, कार्बन मात्र चांगलाच अडवतो. त्यामुळे पेशीतलं पाणी पारदर्शक राहतं आणि प्रथिनं, चरबी आपोआप गडद उमटतात. रंग घालायची गरजच नाही. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. किरण कुठून आणायचे? स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या मंडळींनी द्रव नायट्रोजनच्या बारीक धारेवर लेझर मारून प्लाझ्मा (प्रचंड तापलेला, विद्युतभारित वायू) केला, त्यातून २.४८ नॅनोमीटरचे किरण मिळतात. काचेचं भिंग इथे कुचकामी, त्याऐवजी झोन प्लेट: एकात एक अतिबारीक वर्तुळं कोरलेली चकती. शंभर नॅनोमीटरपेक्षाही बारीक तपशील दिसतो. प्रकाश सिंक्रोट्रॉनपेक्षा पुष्कळ मंद, तेव्हा प्रत्येक फोटोला जास्त वेळ थांबायची तयारी ठेवा.

आणि त्रिमितीसाठी नमुना थोडाथोडा फिरवत असे कितीतरी फोटो लागतात. एवढ्या किरणांत पेशी तगत नाही. म्हणून ती आधीच झटक्यात गोठवतात, इतक्या झटक्यात की बर्फाचे स्फटिक धरायला वेळच मिळत नाही.

शिवाय हे किरण साधारण १० मायक्रोमीटरच्या पलीकडे नीट जात नाहीत. यीस्ट असेल तर उत्तम, ऊतीचा तुकडा असेल तर मायक्रो-सीटीच बरं. तुमचा नमुना किती जाड आहे, तेवढं कळवा.