श्रीलंकेच्या यादवी युद्धात उत्तरेतल्या मुस्लिमांना कोणी हाकललं, सरकारने की एलटीटीईने?

एलटीटीईने, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने (लिट्टे). ऑक्टोबर 1990 च्या अखेरीस जाफना, मन्नार, किलिनोच्ची, मुल्लैतीवू आणि वावुनियाचा काही भाग इथून जवळपास सगळी मुस्लिम वस्ती, साधारण 70 हजारांवर माणसं, काही दिवसांत बाहेर काढली गेली. जाफना शहरात 30 ऑक्टोबरला जेमतेम दोन तासांची मुदत मिळाली; दागिने आणि रोकड नाक्यांवर काढून घेतली. बरेच लोक पश्चिम किनाऱ्यावरच्या पुत्तलमच्या छावण्यांमध्ये गेले आणि कित्येक कुटुंबं दोन-दोन दशकं तिथेच राहिली. हे लोकही तमिळच बोलत, पण स्वतःची ओळख वेगळा समाज म्हणून सांगत. वेगळ्या तमिळ राष्ट्राच्या मागणीत ते अडचणीचे होते. शिवाय पूर्वेत दोन्ही समाजांत आधीच रक्त सांडलं होतं: 3 ऑगस्ट 1990 ला काट्टनकुडीच्या दोन मशिदींत नमाजाच्या वेळी शंभराहून अधिक जण मारले गेले. एलटीटीईने तो हल्ला नाकारला, पण ठपका तिच्यावरच आहे. हकालपट्टीबाबत मात्र शंका उरत नाही: 2002 च्या शस्त्रसंधीच्या काळात खुद्द संघटनेच्या नेत्यांनीच ती चूक मानली आणि श्रीलंका सरकारच्या आयोगाच्या 2011 च्या अहवालातही तिची नोंद आहे. फक्त याचा अर्थ 'तमिळांनी मुस्लिमांना हाकललं' असा काढू नका. निर्णय बंदूकधारी संघटनेचा होता, शेजाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. आणि पूर्वेत सरकारने शस्त्रं दिलेल्या मुस्लिम होमगार्डांनीही तमिळ गावांवर हल्ले केले होते.