वहीचं दुसरं पान

चि.,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला आलेला तुझा निरोप दोनदा ऐकला. ६१ व्हिडिओ झाले, सबस्क्रायबर ३४०, आता नवा कॅमेरा घेऊ का? कॅमेऱ्याचं नावसुद्धा काढू नकोस. सकाळी चहा घेता घेता तुझं अख्खं यूट्यूब चॅनेल खालपर्यंत बघितलं. बेदाण्याचं शेड, मग सज्जनगडची सहल, मग मावशीची भरली वांगी, मग मोबाईलची कव्हरं. अरे, तू बोलतोयस कुणाशी?

तुझ्या वहीचा फोटो पाहिला. पहिल्या पानावर काय काय करणार ते गच्च लिहिलंयस. दुसरं पान कोरं आहे. काय करणार नाहीस, ते तिथं लिही. नियोजन म्हणजे तेच पान.

माझ्या द्राक्षाच्या चॅनेलसाठी मी ते पान लिहिलं नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. गच्चीवरून मोबाईलनं काढलं आणि टाकलं. दोन वर्षांत जमली नव्हती तेवढी माणसं चार दिवसांत आली. मी हुरळलो. पाणी ओसरल्यावर पुन्हा द्राक्षावर बोलायला लागलो, तर अर्धं मिनिटही कुणी थांबेना. ती माणसं पूर बघायला आली होती. त्यांना धरून ठेवायला मी जत्रा दाखवल्या, मोर्चे दाखवले, दीड वर्ष घालवलं. तेवढ्यात माझे बागायतदार निघून गेले. ते मला अजून लागतं.

आमचे वडील विरळणीला एकेका वेलीवरचे चांगले, पोसलेले घड काढून खाली टाकायचे. लहानपणी मला ते बघवत नसे. वेलीला पेलतील तेवढेच ठेवायचे, हे चॅनेल बुडाल्यावर समजलं.

तुझं बेदाण्याचं शेड पुन्हा बघ. मणी द्रावणात बुडवून जाळीवर पसरतात ना, तिथं तू नुसता हात दाखवलायस, आवाज बंद. यूट्यूब स्टुडिओतला आलेख काढ: लोक तिथंच थांबलेत, मागं जाऊन परत बघतायत. द्रावणात काय, किती, किती वेळ, एवढंच त्यांना हवं होतं आणि तेवढंच तू सांगितलं नाहीस! तुझ्या घरात ते शेड आहे. मग वांगी कशाला?

पैशाचंही बोलू. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास लागतात. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ त्यात धरत नाहीत. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माणूस सरासरी ४ मिनिटं थांबला तर ६०,००० वेळा बघितलं गेलं पाहिजे, म्हणजे आठवड्याला साधारण साडेअकराशे. भिंतीवर हा आकडा लाव. सबस्क्रायबर रोज मोजू नकोस.

आणि वेळ सांभाळ. ऑक्टोबर छाटणीचा व्हिडिओ छाटणी उरकल्यावर टाकून काय उपयोग? यंदा चित्रीकरण करून ठेव, पुढच्या वर्षी छाटणीच्या दोन आठवडे आधी टाक. दरवर्षी त्याच दिवसांत लोक तेच शोधतात.

दादा हसतो म्हणालास. मलाही हसले. पूर सोडून परत बागेत आलो तेव्हा जवळच्यांनी वेड्यात काढलं, एका औषधवाल्याची जाहिरात नाकारली तेव्हा तर जास्तच. मी हट्ट सोडला नाही आणि चुकलो असं आजही वाटत नाही. माणसं कमी आहेत, पण छाटणीच्या दिवशी पहाटे फोन तीच करतात. तुला मात्र माझी दीड वर्षं फुकट मिळतायत, तर घे ना!

रविवारी दुपारी घरी ये. काकू थालीपीठ लावणार आहे. वही आण, दुसरं पान भरून. सज्जनगड पहिल्या ओळीत लिही. कोरं दिसलं तर जेवण होईल, चॅनेलवर बोलणं होणार नाही.

तुझा,
काका