नवी ट्यूब आणू नकोस

"ताई, मी नववीत आहे, तासगावजवळच्या गावात राहते. आमची द्राक्षबाग आहे. वर्षभर माझ्या कपाळावर आणि गालांवर पिंपल्स येतायत. आत्येबहिणीने सांगितलं म्हणून मेडिकलमधून एक ट्यूब आणली. आठ दिवसांत चेहरा साफ झाला, उजळलासुद्धा. अडीच महिने लावली. दहा दिवसांपूर्वी ती संपली आणि आता चेहरा लालभडक झालाय, उन्हात आग होते, पिंपल्स आधीपेक्षा जास्त आलेत. साठवलेल्या पैशातून एक व्हिटॅमिन सी सीरम आणलं, तेही झोंबतं. आजी म्हणते हळद, बेसन, लिंबू लाव. पाच आठवड्यांनी आत्येबहिणीचं लग्न आहे. आईला ट्यूबचं काहीच माहीत नाही. दुसरी ट्यूब आणू का? आणि रोज नेमकं काय लावायचं?"

बाळ, दुसरी ट्यूब आणू नकोस. बाकी सगळं नंतर वाचलंस तरी चालेल, पण हे आधी.

आता एक काम कर. संपलेली ट्यूब अजून असेल तर उजेडात धर आणि बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एखादं नाव दिसतंय का? खोक्याच्या किंवा ट्यूबच्या कडेला उभी लाल रेघ आहे का? ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायचं औषध. ही नावं स्टिरॉइडची. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा बऱ्याच मलमांवर चिठ्ठीची सक्ती केली, तरी ती काउंटरवर सहज मिळतात आणि तुझ्यासारख्या कितीतरी मुलींच्या हातात पडतात. तू फसलीस म्हणून मला तुझा राग नाही. ज्याने पंधरा वर्षांच्या मुलीला काही न विचारता ती ट्यूब दिली, त्याचा मात्र येतो.

स्टिरॉइड लालसरपणा आणि सूज दाबतं, म्हणून आठवड्यात चेहरा साफ दिसतो. पण पिंपल्सचं मूळ कारण जागेवरच राहतं. रोज लावत गेलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते. आणि बंद केलं की दाबून ठेवलेलं सगळं एकदम उसळतं. तुझ्या चेहऱ्याला आज जे झालंय, ते बहुतेक हेच आहे. बाबांना विचार, द्राक्षावरच्या भुरी रोगाचं औषध डावणी या दुसऱ्या रोगावर मारून चालेल का? बागेत ज्याची इतकी काळजी घेतली जाते, ती तुझ्या चेहऱ्याची का घेऊ नये?

त्यामुळे या आठवड्यातच त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. खासगी दवाखान्याचा खर्च झेपणार नसेल तर मिरजेच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून स्किनच्या ओपीडीत जा. ट्यूब फेकू नकोस, सोबत ने. अडीच महिने लावली हे लपवू नकोस, त्यावरच उपचार ठरतील. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर जाड केस येत असतील तर तेही सांग.

यासाठी आईला सांगावं लागेल, आणि तुला खरी भीती याचीच वाटतेय हे पत्रातून कळतं. रात्री भांडी आवरताना, ती एकटी असताना सांग. "आई, मी तुला न विचारता चेहऱ्याला एक औषध लावलं आणि आता त्रास होतोय, मला डॉक्टरांकडे ने." एवढंच वाक्य. ती आधी ओरडेल, कदाचित आत्याला फोन करेल. तरी सांग. तुझा लाल चेहरा तिला रोज दिसतोय, ती आधीच काळजीत असणार.

आता रोजचं. डॉक्टर भेटेपर्यंत फक्त दोन गोष्टी: सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश आणि त्यानंतर वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर. वाटाण्याएवढा फेसवॉश, कोमट पाणी, बोटांच्या टोकांनी हलकेच. अंगाचा साबण चेहऱ्याला नको, तो तुझ्या त्वचेला फार कडक पडतो. पुसायला घरातला सगळ्यांचा टॉवेल नको, स्वतःचा सुती पंचा ठेव, घासू नकोस, टिपून घे. मॉइश्चरायझरवर 'नॉन-कोमेडोजेनिक' लिहिलेलं बघून घे, म्हणजे रंध्रं बुजत नाहीत. सायकलने शाळेत जात असशील तर निघण्याआधी पंधरा मिनिटं एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांइतकं. पण आत्ता तेही झोंबलं तर काही दिवस ओढणी आणि टोपीवर भागव. सीरम कपाटात ठेवून दे. पंधराव्या वर्षी त्याची गरज नाही.

आग शमली की पिंपल्सचं औषध डॉक्टर ठरवतील. बेंझॉइल पेरॉक्साइड दिलं तर उशीला जुना पांढरा अभ्रा घाल, रंगीत कापडाचा रंग ते उडवतं. आणि फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे लग्नापर्यंत सगळं जाणार नाही, हे तुला आत्ताच खरं सांगते. लालसरपणा बराच उतरला असेल अशी मला आशा आहे.

पिंपल्स तुझ्या चुकीने आलेले नाहीत. वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेतलं तेल वाढतं, ते मृत पेशींसोबत रंध्रात अडकतं आणि तिथे जंतू वाढतात. वडापाव खाल्लास म्हणून किंवा चेहरा नीट धुतला नाहीस म्हणून नव्हे. डोक्याला तेल चोपडलेलं असेल तर ते कपाळावर उतरतं, तेवढं मात्र सांभाळ. आणि नखाने फोडू नकोस. माझ्या डाव्या गालावर दहावीतला एक खड्डा आहे, आरशासमोर उभी राहून मीच केलेला. ती पाच मिनिटं मला अजून आठवतात.

आजीला दुखवू नकोस. हळदीच्या बाजारपेठेच्या जिल्ह्यात राहून हळद नको म्हणणं तिला पटणार नाही. पण सोलवटलेल्या कातडीवर बेसन घासणं आणि लिंबाचा आम्ल रस म्हणजे जखमेवर मीठ, आणि लिंबू लावून उन्हात गेलं की डाग पडतात. तिला म्हण, डॉक्टर सांगेपर्यंत थांबू या. लग्नात हळद लावायला येतील तेव्हा आईला शेजारी उभं कर आणि हाताला, पायाला लावून घे, चेहऱ्याला कपाळावर बोट टेकवलं की पुरे. आत्याबाई "अगं काळवंडलीस की" म्हणाल्या तर उत्तर देत बसू नकोस. उजळायला म्हणून काही आणून दिलं तर घेऊ नकोस, एवढंच. तुझा रंग हा आजार नाही, त्यावर औषध नको.

लग्नात मेकअप केलास तर रात्री कितीही उशीर झाला तरी धुऊनच झोप. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
ताई