रंगीत काचांतून गोष्ट सांगणारं जुनं चर्च कोकण किनाऱ्यावर कुठे बघावं? सोबत गाईड हवा का?

मुंबईतल्या कुलाब्याचं अफगाण चर्च बघा. वसई किल्ल्यातली चर्चं भव्य आहेत, पण तिथे आता नुसत्या भिंती उरल्यात. हे मात्र उभं आहे, १८५८ पासून. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांचं स्मारक. पूर्व-पश्चिमेच्या मोठ्या काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्स या काचचित्रकाराच्या.

सकाळीच जा. वेदीमागची खिडकी पूर्वेला, तेव्हाच रंग पेटतात. गाईड घ्याच, नाहीतर मुलं पाच मिनिटांत कंटाळतात. अशा काचांत माणूस खुणेवरून ओळखायचा असतो: हातात किल्ल्या असतील तर संत पीटर, जवळ गरुड असेल तर संत योहान. आमचा भाचा तर पुढे प्रत्येक चर्चमध्ये किल्ल्याच शोधत फिरायचा! रविवारी प्रार्थनेच्या वेळी मात्र नको.