मामांशी राजकारण बोलताना

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

घरच्या ग्रुपवर मामांशी राजकारणावरून वाद झाला आणि तू त्यांना सरकारचे ‘आंधळे समर्थक’ म्हणालास, हे तू लिहिलंस, ते सगळं वाचलं. तुझी बाजू मला बरीचशी पटते. तरी आधी एक कर, तो वाद ग्रुपवर पुढे वाढवू नकोस. लेकी, सुना, जावई सगळे वाचत असताना साठी उलटलेला माणूस ‘हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं’ असं कसं म्हणेल? त्यापेक्षा चार दिवस रजा काढ आणि त्यांच्याकडे निफाडला जा.

गेलास की पक्षाचं नाव काढू नकोस, कांद्याचं विचार. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा लाल कांदा बाजारात येत होता. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत काही महिने टिकतो. लाल कांद्याचं तसं नाही, काढला की विकावाच लागतो. भाव कोसळले तरी ट्रॅक्टर भरून लासलगावला न्यायचा आणि मिळेल त्या भावाला द्यायचा, एवढंच शेतकऱ्याच्या हातात उरलं. पुण्यात तुम्हाला कांदा स्वस्त मिळाला तो असा. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. त्याच महिन्यात लोकसभेचं मतदान झालं आणि दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पडल्या. मग नोव्हेंबरमध्ये विधानसभेला त्याच नाशिक जिल्ह्याने बहुतेक सगळ्या जागा सत्ताधारी महायुतीच्या पदरात टाकल्या.

हे दोन निकाल शेजारी ठेवून बघ. तू मामांना ‘आंधळे समर्थक’ म्हणून मोकळा झालास, पण सहा महिन्यांत इतका फरक पडतो म्हणजे लोक काहीतरी तोलून मापून मत देत असणार. मामांनी मत कुणाला दिलं हे विचारू नकोस, तो त्यांचा हक्क आहे. त्या दोन्ही वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते विचार. काढणीला मजुरी किती गेली, क्विंटलमागे हातात काय पडलं, सरकारच्या जागी ते असते तर त्यांनी काय केलं असतं? शेवटच्या प्रश्नावर त्यांना वेळ दे, मध्ये तोंड घालू नकोस. मग तुझंही सांग. कांदा महागतो तेव्हा खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भरून महिना काढणाऱ्या तुझ्या मित्रांची काय ओढाताण होते, ते मामांनी कधी जवळून पाहिलेलं नाही. निर्यातबंदी असावी की नसावी यावर तुमचं एकमत होईल असं मला वाटत नाही. खुशाल भांडा, आवाज चढला तरी चालेल.

आरक्षणाचा विषय निघाला तर मात्र सावध राहा. ५० टक्क्यांच्या मर्यादेवर बोला, मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये का रद्द केला यावर बोला. पण बोलणं धोरणावरून घसरून एखाद्या जातीला नावं ठेवण्यावर आलं, तर गप्प बसू नकोस. ‘मामा, माझ्यासमोर असं नको’ एवढं शांतपणे म्हण आणि तिथून ऊठ. मोठ्या माणसांचं सगळं ऐकून घ्यावं ही शिकवण मला कधीच पटलेली नाही.

आणि मामींशी बोल. तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात त्यांचा उल्लेखही नाही. ‘लाडकी बहीण’च्या दरमहा १५०० रुपयांना तू ‘मतांची खरेदी’ म्हटलंस. तो आरोप तू जरूर कर, सरकारी तिजोरीचा हिशेबही माग. पण आधी मामींना पैसे येतात का, येत असतील तर ते कुणाच्या हातात राहतात, कशाला लागतात आणि मत देताना त्यांनी कशाचा विचार केला, हे त्यांच्याच तोंडून ऐक. घरात त्यांना हे कुणी विचारलं नसणार. मामा लिलावाला गेले की स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ बस. चहा झाल्यावर लगेच उठू नकोस, त्यांना बोलायला वेळ लागेल.

त्या काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझा,
काका