पियानोत एकाच सुराच्या तीन तारा ट्यूनर मुद्दाम थोड्या वेगळ्या लावतात का?

हो, पण फरक अगदी केसाएवढा, एका सेमीटोनचे (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे) 100 भाग केले तर त्यातला एखाद-दुसरा. मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात, खर्जाकडं दोन, मग एकच. ट्यूनर रबराची पाचर घालून बाकीच्या तारा गप्प करतो, एक लावतो, मग दुसरी उघडून आवाजातली लाट (दोन तारांच्या फरकानं आवाज कमी-जास्त होतो ती) जवळजवळ मरेपर्यंत पिन फिरवतो.

आमच्या कोल्हापुरात तंबोऱ्याची जोडी लावताना ज्यानं कान दिलाय त्याला ही लाट लगेच कळंल, तेच आहे हे.

आता खरी गंमत. तिन्ही तारा एकत्र हलल्या की ब्रिजला (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीला) जोरात ढकलतात, सगळी ताकद पटकन साउंडबोर्डात, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीत, जाते, आवाज मोठा येतो पण लवकर बसतो, आणि किंचित फरक असला की थोड्या वेळानं त्या एकमेकींच्या उलट हलायला लागतात, ब्रिज फारसा हलत नाही, मग ताकद तारेतच राहते आणि मागं बारीक आस लांबपर्यंत रेंगाळते. भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइख यांनी 1977 मध्ये हे नीट मांडलं. म्हणून नुसत्या सूर मोजणाऱ्या ॲपवर भागत नाही, शेवटचा हात कानानंच फिरवावा लागतो. फरक जास्त झाला तर मात्र सूर बेसूरच वाटतो.